मुलांनी जे विचारले आहे, निदान त्याचेच उत्तर द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण पिढी धर्मापासून दुरावत चालली आहे, तिच्यावर संस्कार उरलेले नाहीत, मोबाइलने तिची श्रद्धा पोखरली आहे, अशा आशयाची पत्रे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. श्रावण लागला की ती वाढतात. ही पत्रे लिहिणाऱ्यांचे दुःख खोटे नाही. ज्या देव्हाऱ्यापुढे आयुष्यभर दिवा लावला, तिथे आपल्यामागे कोण दिवा लावील, ही काळजी माझ्या वयाच्या बहुतेकांना असते. परंतु या पत्रलेखकांनी केलेले निदान मला मान्य नाही. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतरही माजी विद्यार्थी घरी येतात आणि नोकरी, लग्न, आईवडिलांशी झालेले वाद असे सारे बोलून जातात. त्यांच्या बोलण्यात देवाचा विषय निघतो तेव्हा मला बेफिकिरी क्वचितच आढळते. बेफिकीर मुले हा विषय काढतच नाहीत. आरतीला मुकाट्याने टाळ्या वाजवतात आणि प्रसाद खाऊन निघून जातात. शंका विचारणारी मुले वेगळी असतात. ती फार नेमके बोलतात, आणि आपण वडीलधारी माणसे त्यांनी न विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरे देत बसतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच नमूद करते, की मी स्वतः देव मानते. माझ्या घरी गौरी येतात, आषाढीचा उपवास असतो आणि पंढरपूरला गेल्याशिवाय वर्ष पुरे झाल्यासारखे मला वाटत नाही.

गेल्या वर्षी एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. तो आता पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या आजोबांचा दशक्रियाविधी संगम माहुलीला कृष्णेच्या घाटावर झाला. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. अशा वेळी जे होते तेच तिथे झाले. नातेवाईक एकेक करून हात जोडून मृताला वचने देऊ लागले. आजीला अंतर देणार नाही, धाकट्या आत्याचे लग्न लावून देऊ, वादातला जमिनीचा तुकडा विकणार नाही. मुलाचे वडील सर्वांदेखत रडत म्हणाले, की सोसायटीचे कर्ज मीच फेडीन, तुम्ही काळजी करू नका. तरीही कावळा आला नाही. गुरुजींना पुढचा विधी होता, म्हणून शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवण्यात आले आणि सगळे उठले. परतताना गाडीत एक काका म्हणाले, की दादांची नाराजी थोरल्यावरच, म्हणजे या मुलाच्या वडिलांवरच, असणार, नाहीतर एवढा वेळ लागला नसता.

मुलगा मला म्हणाला, "बाई, कावळ्याला भूक नव्हती, एवढे मला कळते. तो प्रश्न नाही. ज्या माणसाने आजोबांची चार वर्षे सेवा केली, त्याला एका पक्ष्यामुळे दोषी ठरवता येते, हे धर्मात बसते का?" त्याच्या घरच्यांनी त्याला काय उत्तर दिले असेल, याची वाचकांना कल्पना असेलच. कावळ्याला म्हणे अतींद्रिय शक्ती असते, पाश्चात्त्यांनीही हे मान्य केले आहे, आणि तू चार बुके शिकलास म्हणून शहाणा झालास काय. मुलाने न्यायाविषयी विचारले होते आणि त्याला पक्षिशास्त्र ऐकवले गेले, तेही बनावट.

दुसरे उदाहरण एका मुलीचे आहे. तिच्याकडे ज्येष्ठा गौरींचा मोठा थाट असतो. आवाहनाच्या आठवडाभर आधी काकूंनी तिच्या हातावर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची पट्टी ठेवली. डॉक्टरांना विचारलेले नव्हते. औषधाच्या दुकानातून आणली होती. सणासुदीच्या तोंडावर या गोळ्यांना किती मागणी असते, ते कोणत्याही औषधविक्रेत्याला विचारावे. त्या संप्रेरकाच्या गोळ्या आहेत, काही जणींना त्यांपासून अपायही होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षे आपल्या घरांतल्या बायका त्या साखरफुटाण्यासारख्या घेत आल्या आहेत. मुलीने गोळ्या घेतल्या नाहीत आणि पाळी यायची तेव्हाच आली. मग तिला तीन दिवस माळ्यावरच्या खोलीत बसवले. पुरणपोळीचे ताट वर पोहोचवले गेले, याचा काकूंना अभिमान आहे.

ही मुलगी नास्तिक नाही. तिचा युक्तिवाद असा होता, की टाळेबंदीच्या काळात मार्च २०२० मध्ये देवळांना कुलपे लागली ती नोव्हेंबरात पाडव्याला उघडली. त्या वर्षी आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीच्या लाटेत कित्येकांना मुलाच्या हातचा अग्नीही मिळाला नाही, पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी ते काम केले, आणि त्यांपैकी कोणाला गती मिळाली नाही असे आज कोणीही म्हणत नाही. तेव्हा देवाने एवढे सगळे समजून घेतले, तर माझे शरीर देवाला का समजू नये? याचे उत्तर मला आजवर कोणाही जाणत्याकडून मिळालेले नाही. तिच्या काकूंचे उत्तर असे होते, की पूर्वी बायकांना विश्रांती मिळावी म्हणून ही पद्धत पडली, त्यामागे विज्ञान आहे.

हे "त्यामागे विज्ञान आहे" प्रकरण आता घरोघरी पोहोचले आहे आणि विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला त्याचा मनस्वी संताप येतो. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, घंटेच्या नादाने जंतू मरतात, कुंकू लावल्याने कोणतीतरी ग्रंथी चेतवली जाते, अशी वाक्ये कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात आणि तीच मुलांच्या तोंडावर फेकली जातात. सूर्यप्रकाश नसेल तर प्रकाशसंश्लेषण होत नाही आणि तुळसही रात्री चारचौघींसारखीच श्वसन करते, हे शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. आजीचे वाक्य चूक आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळते. मग आजीची सगळीच वाक्ये संशयास्पद ठरतात, खरी असलेलीसुद्धा. वृंदावनापुढे उभे राहून माझ्या आईला जे वाटत होते, त्याचा प्राणवायूशी काही संबंध नव्हता. ते तिने मला कधी शब्दांत सांगितले नाही, पण ते होते, हे मी पाहिले आहे. नातवंडाला तेवढे सांगितले तरी ते ऐकून घेईल. उपवास पोटाला विश्रांती म्हणून करायचा असेल, तर एकादशी कशाला हवी, कोणताही मंगळवार चालेल. आणि असे म्हणणारा माणूस स्वतःच्याच श्रद्धेला निरुपयोगी ठरवत असतो.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, हे आपल्या अनेक वाचकांना आठवत असेल. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ ओघळाने खाली उतरते, हे दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत चमचा आणि मातीचा हत्ती घेऊन वर्गाला दाखवता आले. त्या वर्गातल्या मुलांपैकी काहींची मुले आज महाविद्यालयात आहेत. रांगेत उभ्या राहिलेल्या एका आजोबांनी तेव्हा मला सुनावले होते, "दूध पाषाणावरून ओघळले तरी माझा गणपती काही कुठे गेला नाही." चमत्काराच्या टेकूवर उभ्या असलेल्या भक्तीपेक्षा या आजोबांची भक्ती मला आजही अधिक भक्कम वाटते.

शंका केवळ हिंदू घरांतच उपस्थित होतात असे नाही. माझा एक मुस्लिम माजी विद्यार्थी वकिली करतो. तो म्हणाला, की घरात प्रश्न विचारला तर मी दीन सोडला असे ठरते, आणि घराबाहेर विचारला तर आमच्या समाजाला झोडपणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. म्हणून मी दोन्हीकडे गप्प बसतो. त्याची ही कोंडी अभियांत्रिकीच्या त्या मुलापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे आपण बहुसंख्याकांनी समजून घेतले पाहिजे. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला हे दोन्ही बाजूंचे फटके आले होते. बौद्ध वस्तीतल्या एका मुलीची तक्रार वेगळीच आहे. परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यासाठी काही स्वीकारू नका, असे बुद्धांनी कालाम लोकांना सांगितले, हे ती विहारातच शिकली. आणि तिथेच एका प्रथेविषयी प्रश्न विचारल्यावर तिला सर्वांसमोर गप्प बसवण्यात आले.

आपल्याकडे हे सर्व पाश्चात्त्य शिक्षणाने किंवा आताच्या मोबाइलने आणले, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास थोडा तरी चाळावा. चोखोबांनी देवळाच्या दाराबाहेर उभे राहून विठ्ठलालाच जाब विचारला. तुकोबांनी नवसाची खिल्ली उडवली ती आज एखाद्या मुलाने स्वतःच्या शब्दांत उडवली तर घरात भांडण होईल. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात जी शतपत्रे लिहिली, ती वृत्तपत्रातलीच पत्रे होती, म्हणजे आपल्या या सदराचे ते पूर्वजच म्हणायचे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, मध्यस्थ नाकारले, पण निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला. आमच्या कराड तालुक्यातल्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर त्याही पुढे गेले. त्यांनी 'सुधारक' सुरू केला तो १८८८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आणि चाळिशी गाठण्यापूर्वीच ते गेले. आज त्यांचे नाव शाळांना देताना आपल्याला संकोच वाटत नाही. त्यांच्याच वयाचा मुलगा त्यांच्यासारखे बोलू लागला की मात्र त्याला मानसोपचाराला न्यावे की बाबांकडे, याची चर्चा सुरू होते.

आणि भीतीचाही भाग आहेच. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओळखणारी माणसे अजून पुष्कळ आहेत; कोणाला ते कबड्डीपटू म्हणून आठवतात, कोणाला व्यसनमुक्ती केंद्रामुळे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. डॉक्टर देवाला विरोध करत नसत, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला करत असत, हे ते जाहीरपणे सांगत. त्या कायद्यातूनही वारी, कीर्तन, प्रवचन, प्रदक्षिणा हे सारे स्पष्टपणे वगळले आहे. तरी त्या हत्येचा परिणाम घराघरांत उरला आहे तो असा, की मूल काही बोलू लागले की आई दार लावून घेते आणि म्हणते, "दाभोलकरांचे काय झाले ते पाहिलेस ना?" श्रद्धाळू माणसाने या वाक्याची लाज वाटून घेतली पाहिजे. माझा देव प्रश्न विचारणाऱ्याच्या जिवावर उठणाऱ्यांचा देव आहे, असा समज माझ्या नातवंडांच्या पिढीत पसरत असेल, तर ती बदनामी नास्तिकांनी केलेली नाही.

मुलांचेही सगळे बरोबर असते असे नाही. काही जण महाराज सोडून यूट्यूबवरच्या कुणातरी वक्त्याच्या भजनी लागतात आणि त्याची वाक्ये तितक्याच अंधपणे म्हणून दाखवतात. आजीच्या सोळा सोमवारांची सर्वांसमोर टिंगल करण्यात पराक्रम नाही. तिला अर्थ विचारावा, ती सांगेल. सर्वांत घातक प्रकार म्हणजे स्वतःच्या घरातले सोडून फक्त शेजाऱ्याच्या धर्माची चिकित्सा करणे. अशी मुले हल्ली बरीच भेटतात आणि त्यांना घरून शाबासकीही मिळते. त्याला शंका म्हणू नये.

आता थोडे कायद्याविषयी, कारण पालकांइतकेच शाळाचालकही याबाबत अनभिज्ञ असतात. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्याच्याही आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य नमूद केले आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. माझ्या सबंध नोकरीत अशी संमती कोणी मागितल्याचे मी पाहिले नाही. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून वेतनश्रेणी अडवण्यात आलेल्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, याच न्यायालयाने सांगितले, की कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही आणि मी कोणताच धर्म मानत नाही असे म्हणण्याचा हक्कही पंचविसाव्या अनुच्छेदातच आहे. घरात आईवडिलांवर घटनेची कलमे बजावता येत नाहीत, हे मला कळते. परंतु जे स्वातंत्र्य अनोळखी न्यायाधीश देतात, ते सख्ख्या बापाने द्यायला हरकत नसावी.

याच संदर्भात येत्या जनगणनेकडे लक्ष वेधते. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींपैकी सुमारे २९ लाख लोकांच्या धर्माची नोंद नव्हती. त्यांत शंकेखोर किती आणि नोंद करायचे राहून गेलेले किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कळण्याजोगी व्यवस्थाही घरात नसते, कारण प्रगणक दारात येतो तेव्हा कुटुंबप्रमुख सर्वांची उत्तरे एका दमात देऊन मोकळा होतो. २०२७ मध्ये प्रगणक येईल तेव्हा घरातल्या सज्ञान मुलामुलींना त्या रकान्याचे उत्तर स्वतः देऊ द्यावे. त्यांनी काहीही सांगितले तरी त्या दिवशी रात्री जेवायला सगळ्यांनी एकत्र बसावे.

आपणास एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत सण, व्रते आणि ग्रहमान यांना नियमित जागा असते. त्या जागेतला महिन्यातून एक स्तंभ तरुणांच्या शंकांना द्यावा. मुलांनी हवे तर नाव न देता लिहावे, पण दुसऱ्याच्या धर्माविषयी नव्हे, स्वतःच्या घरातल्या आचाराविषयी लिहावे. उत्तरे कीर्तनकारांनी, पुरोहितांनी, मौलवींनी, भन्तेंनी, फादरांनी द्यावीत. विवेकवादी कार्यकर्त्यांनाही बोलवावे. उत्तर देणाऱ्यांना तीनच अटी घालाव्यात. प्रश्नकर्त्याच्या संस्कारांविषयी एक अक्षर लिहू नये, विज्ञानाचा दाखला द्यायचा तर तो पाठ्यपुस्तकाच्या कसोटीवर उतरणारा असावा, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. सुरुवातीला वर दिलेले दोन प्रश्न मी मुलांच्या संमतीने लेखी स्वरूपात पाठवू शकेन. मुलीने तिचा प्रश्न लिहून माझ्याकडे दिलेलाही आहे.

मुलांची ओळख गावात सहज पटू शकते, म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)